एकाच दावणीची आठ बैलं : मोटोजीपीचे नियम करणाऱ्यांना साताऱ्याहून खुलं पत्र

प्रति,
ग्रां प्री कमिशन,
म्हणजे दुचाकी शर्यतींचा जागतिक महासंघ एफआयएम, शर्यती भरवणारी डोर्ना, संघांची संघटना आणि कारखानदारांची संघटना, चौघांनाही.

स. न. वि. वि.

मी साताऱ्यात गोडोलीला दुचाकीचं गॅरेज चालवतो. स्प्लेंडर, पल्सर, अ‍ॅक्टिव्हा, अधूनमधून एखादी जुनी बुलेट. माझ्या गॅरेजात इटलीची डुकाटी आजवर एकदाच आली, तीही पंक्चर काढायला, आणि तिचा मालक पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत उभा होता. तर तुमच्या धंद्यात मी गिऱ्हाईकही नाही. पण गेली वीसेक वर्षं मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलच्या जगज्जेतेपदाची, तुमची एकही शर्यत मी जाणूनबुजून चुकवलेली नाही.

युरोपातली शर्यत आमच्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होते. सव्वापाचला मी शटर अर्ध्यावर ओढतो. टायरच्या रॅकवर टीव्ही आहे. समोर उलट्या केलेल्या ऑईलच्या बादल्या, एक मोडका बाक, आणि पलीकडच्या गाड्यावरून येणारी कांदाभजी. एकेकाळी पंधरा-सोळा जण जमायचे. करंज्याची पोरं, एमआयडीसीतली सुटीवर असलेली, एक एसटीतले निवृत्त मेकॅनिक आबा, ज्यांना रायडरची नावं कधीच नीट म्हणता आली नाहीत पण गिअर कुठं चुकला ते आवाजावरून कळायचं. आता चारजण येतात. त्यातले दोन भज्यांसाठी.

बाकीची पोरं सोमवारी येता-जाता विचारतात, ‘‘काल कोण जिंकलं?’’
मी म्हणतो, ‘‘डुकाटी.’’
‘‘ते माहितीय ओ. वरती कोण बसलं होतं?’’

हे पत्र लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळं. गाडीवर कोण होतं हा प्रश्न आता उरल्यासुरल्या माहितीसारखा विचारला जातो.

२०२३ साली वीस शर्यती झाल्या, सतरा डुकाटीनं जिंकल्या. २०२४ साली पुन्हा वीस झाल्या, त्यातल्या एकोणीस. उरलेली एक अमेरिकेतल्या ऑस्टिनची, ती अप्रिलिया या दुसऱ्या इटालियन कारखान्याच्या गाडीवर विन्यालेसनं घेतली, आणि त्या रात्री आम्ही चक्क पेढे वाटले. २०२५ साली बावीसपैकी सतरा. रायडरचं विश्वविजेतेपद सलग चार वर्षं त्यांच्याकडं : दोनदा बान्याया, मग मार्टिन, मग मार्क मार्केझ. यातलं मार्टिनचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खुपतं. विश्वविजेता झाला आणि एक नंबरची पाटी घेऊन दुसऱ्या कारखान्यात निघून गेला. ज्या कारखान्याचा जगज्जेता सोडून जातो त्याचं काहीतरी बिघडायला हवं की नको? काही बिघडलं नाही. पुढचं वर्षही त्यांचंच.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो म्हणजे माझं म्हणणं ध्यानात येईल. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात पुसेगाव आहे. तिथं सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाडी शर्यतीचं मैदान भरतं. मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीनं शर्यती थांबल्या होत्या, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि रान पुन्हा फुललं. आधी गट पळतात, गटातून सेमी, सेमीतून फायनल. प्रत्येक गाडीला आपली चाकोरी, आणि शेवटाला झेंडा पंच. आता समजा फायनलला आठ गाड्या लागल्या आणि बघावं तर सगळी बैलं एकाच मालकाच्या दावणीची. एका गाडीवर लाल झूल, एकीवर पिवळी, एकीवर निळी, एकीवर जांभळी. शर्यत होईल, धुरळा उडेल, निशाणही पडेल. पण माळावरचा माणूस निशाण पडायच्या आधीच घराकडं निघेल. त्यानं पैज कुणावर लावायची?

२०२४ साली तुमच्या ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटायच्या रांगांत, बावीस गाड्या होत्या. त्यातल्या आठ डुकाटी. कारखान्याचा लाल संघ, प्रामाक, ग्रेसिनी आणि व्हीआर४६. चार दुकानं, चार पाट्या, आणि मागं भट्टी एकच. साताऱ्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही, कंदी पेढ्यांच्या बाबतीत ही शंका आम्ही रोज घेतो.

डुकाटीवर माझा राग नाही, हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर आमच्यातलाच एक इटालियन भक्त मला गॅरेजात येऊन जाब विचारेल. उलट मेकॅनिक म्हणून मला त्या इंजिनाचं अप्रूप आहे. आपल्या गाड्यांत व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. आरपीएम फार चढले की स्प्रिंग दमते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. डुकाटीत व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम आणि मिटायलाही कॅम. दार ढकलून सोडून द्यायचं आणि ते आपोआप लागेल म्हणून वाट बघायची, त्यापेक्षा हातानं ओढून लावायचं, असा तो प्रकार. किचकट काम आहे, सेटिंगला वेळ खातं, आणि ते लोक वर्षानुवर्षं त्यालाच धरून बसले. २००७ साली केसी स्टोनरनं त्यांना विजेतेपद दिलं. मग २०११-१२ साली खुद्द रॉसी त्यांच्याकडं गेला आणि दोन वर्षांत एक शर्यत जिंकू शकला नाही. २०१० च्या ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडनंतर त्यांचा पुढचा विजय आला २०१६ साली ऑस्ट्रियात, यानोनेच्या हातून. जवळजवळ सहा वर्षं कोरडी गेली. त्या काळात जिजी दालिन्या हे इंजिनिअर अप्रिलियातून त्यांच्याकडं आले आणि त्यांनी गाडी नव्यानं मांडली. एवढं सोसून वर आलेल्या माणसाला ‘खाली बस’ म्हणणं आमच्यात शोभत नाही.

पण ते वर आले कसे, हे तुम्ही विसरलात आणि तेही विसरले. २०१४ साली डुकाटीनं ओपन गटाची वाट धरली. त्या गटात वीसऐवजी चोवीस लिटर पेट्रोल, मऊ टायर, आणि हंगाम चालू असताना इंजिन सुधारायची मोकळीक. त्या सवलतींवर त्यांचं वासरू वाढलं. आमच्याकडं मैदानात आदत, दुसा, चौसा असे वर्ग असतात. पंच बैलाचं तोंड उघडून दात बघतात आणि मगच ठरतं कुणी कुणाबरोबर पळायचं. दुधाचे दात असलेल्याला आदत मैदान. दात आले की वरच्या वर्गात, मग मालक कितीही रडला तरी. डुकाटीला आदत मैदान मिळालं होतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

तुम्ही २०२४ पासून तोच दात बघायचा नियम नव्यानं केलात. कारखान्यांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी. कारखान्यांच्या तक्त्यात मिळू शकणाऱ्या गुणांपैकी पंच्याऐंशी टक्के किंवा जास्त मिळवले की ए, पस्तीसच्या खाली राहिले की डी. ए वाल्याला चाचणीसाठी १७० टायर, डी वाल्याला २६०. डी वाल्यांचे नेहमीचे रायडरही चाचणी करू शकतात, इंजिनात बदल करू शकतात. कल्पना चांगली, मी स्वतः टाळी वाजवली. झार्कोनं २०२५ साली फ्रान्समध्ये ल मांला पावसात होंडा पुढं काढली तेव्हा आमचं गॅरेज डोक्यावर घेतलं गेलं. पहिल्याच लॅपच्या धक्काबुक्कीत तो मागं फेकला गेला होता, पण पावसाचे टायर लावून निघाला तो शेवटपर्यंत त्याच टायरवर राहिला, आणि बाकीचे गाड्या बदलत बसले. आबा म्हणाले, ‘‘शेतकऱ्याचं पोरगं दिसतंय, आभाळ वाचता येतं.’’ पण तो विजय आभाळानं दिला. तुमच्या श्रेणीनं दिला असं मला म्हणवत नाही.

कारण सवलत वाटताना तुम्ही मूळ गोष्टीला हात लावला नाही. ती गोष्ट म्हणजे गाड्यांची संख्या.

माझ्याकडं एकाच मॉडेलच्या आठ गाड्या महिन्याभरात आल्या, तर नववी आली की मी ती स्टँडवर न लावता सांगतो काय बिघडलंय. चेन किती हजारावर सैल पडते, क्लच केबल कुठं घासते, सगळं पाठ झालेलं असतं. आणि ज्या मॉडेलची वर्षाला एकच गाडी येते तिच्यावर अख्खा दिवस जातो. डुकाटीचे आठ रायडर २०२४ पर्यंत एकाच वळणावर आठ तऱ्हेनं ब्रेक लावायचे, आणि ती सगळी माहिती संध्याकाळी एकाच घरात जमा व्हायची. ज्याला वळण जमलं नाही तो ज्याला जमलं त्याच्या रेघेवर बोट ठेवून बघतो. त्यामुळं नवखा पोरगाही त्या गाडीवर बसून लवकर पुढं येतो. डुकाटीवरचा अल्देगेर पहिल्याच वर्षी इंडोनेशियात मंडालिकाला जिंकला. पोरगा हुशार आहेच, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्याच्यापुढं वाट आखून ठेवलेली होती. तिकडं होंडा-यामाहावाल्यांना २०२४-२५ साली नव्वद टायर जादा देऊनही ही वाट आखता आली नाही. टायर दुकानात मिळतो, आठ माणसांचा अनुभव मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, एकाच कारखान्याची सत्ता काय आजची आहे? नाही. १९५८ ते १९७४ अशी सलग सतरा वर्षं पाचशे सीसीचा विश्वविजेता एमव्ही अगुस्तावरच बसलेला होता. १९९७ साली होंडानं पाचशेच्या पंधराच्या पंधरा शर्यती जिंकल्या. आणि कबूल करतो, २०१९ साली मार्केझ होंडावर बारा शर्यती जिंकला तेव्हा याच बादलीवर बसून मी नाचलो होतो, तेव्हा मला खुलं पत्र सुचलं नव्हतं. आमच्यातला तो डुकाटीभक्त हेच तोंडावर मारतो. रात्रभर विचार केला तेव्हा फरक सापडला. २०१९ ची होंडा मार्केझलाच ऐकायची. तीच गाडी लोरेन्झोसारख्या जगज्जेत्यानं घेतली आणि वर्षभरात अठ्ठावीस गुण झाले. तेव्हा आम्ही माणसाला हरवायला बघत होतो, आणि माणूस कधीतरी पडतो, दमतो, चुकतो. २०२० साली हेरेझला त्याचा हात मोडला आणि सगळं मैदान मोकळं झालं. आता कुणाचा हात मोडला तरी मैदान मोकळं होत नाही, दुसरी डुकाटी पुढं येते. हे मी रागानं लिहीत नाही, २०२३ आणि २०२४ चे तक्ते समोर ठेवून लिहितोय.

माझा जीव यामाहावर आहे. कारण सांगायला नको, माझ्या पिढीतल्या कुणाचाही कान पकडून विचारा, तो आरएक्स १०० म्हणेल. माझी अजून आहे, शटरच्या आत डाव्या बाजूला, कापडाखाली. क्वार्तारारोनं २०२१ साली विजेतेपद घेतलं, २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीत जिंकला, आणि मग दुष्काळ. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तिघं गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला गेलो, पुढं नोएडाला, बुद्ध सर्किटवर. आपल्या देशातली पहिली मोटोजीपी. ऊन असं की मुख्य शर्यतीचे लॅप तुम्हाला कमी करावे लागले. मार्टिनच्या सूटची चेन शर्यतीत उघडली होती आणि उतरल्यावर तो उभाही राहू शकत नव्हता. पहिला बेझेक्की, डुकाटी. दुसरा मार्टिन, डुकाटी. तिसरा क्वार्तारारो. तिसऱ्या नंबरासाठी आम्ही इतकं ओरडलो की शेजारचा पंजाबी माणूस विचारायला लागला, ‘‘भाईसाब, जीता कौन?’’ त्यानंतर ती शर्यत भारतात परत आली नाही, तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

पण इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनमध्ये शिरणार. २०२५ चा मे. क्वार्तारारो सगळ्यांत पुढं होता, पाचेक सेकंदांनी. यामाहा, कोरड्या रस्त्यावर, स्वतःच्या वेगानं पुढं. दोन वर्षं न आलेली पोरं फोनाफोनी करून गॅरेजात आली, शटर पूर्ण वर करावं लागलं. आणि मग गाडीचं मागचं टोक खाली बसलं ते वर येईना. राइड हाइट डिव्हाइस अडकलं. सरळ रस्त्यावर गाडी खाली बसवून पुढचं चाक उचलू न देणारं ते यंत्र. हे खूळ मैदानात आणलं डुकाटीनंच, मग सगळ्यांना आणावं लागलं, आणि ज्याच्याकडं ते नीट जमलेलं नव्हतं त्याला त्यानं आघाडीवर असताना रस्त्याकडेला बसवलं. तो पोरगा हेल्मेटात तोंड घालून रडला. आमच्याकडं कुणी बोलेना. आबांनी टीव्ही बंद करून टाकला, रिमोट सापडेना म्हणून प्लगच उपटला.

मी तीस वर्षं पाना धरतोय. गाडीचं असं एकही यंत्र मला माहीत नाही जे रस्त्यावरच्या माणसाच्या कधी उपयोगाला येणार नाही पण शर्यतीत सक्तीचं आहे, अपवाद हे एक. २०२७ पासून तुम्ही ते बंद करताय, त्याबद्दल मनापासून आभार. पण इतकी वर्षं का घेतली?

तसंच पुढच्या टायरच्या हवेचं. कमीत कमी १.८ बार, म्हणजे आमच्या भाषेत २६ पीएसआय. शर्यतीचे साठ टक्के लॅप त्याच्यावर असायला हवेत. गाड्यांना लावलेल्या पंखांमुळं पुढच्या गाडीमागची हवा गढूळ होते, टायरला वारा मिळत नाही, तो तापतो, हवा फुगते, पकड सुटते. म्हणजे मागं राहणाऱ्याला पुढं जाता येत नाही. म्हणून मागं राहणार असं वाटणारा हवा कमी भरून निघतो. आणि तो पुढं गेला, टायर गार पडला, की हवा कमी म्हणून दंड! २०२५ ला कतारात विन्यालेस केटीएमवर दुसरा आला. आमच्याकडं रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते, मी खूश होऊन आडवा झालो. सकाळी बघतो तर सोळा सेकंदांचा दंड लागून चौदावा, आणि पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, तिन्हीच्या तिन्ही डुकाटी. त्याच्या दीडेक महिना आधी थायलंडला मार्केझनं काय केलं? पुढं होता, हवा कमी पडतेय कळलं, मुद्दाम धाकट्या भावाला पुढं सोडलं, त्याच्या मागं टायर तापवला आणि शेवटी पुन्हा पुढं गेला. ज्याच्याकडं वेग शिल्लक आहे त्याला तुमचा नियम खेळ वाटतो. ज्यानं जीव काढून दुसरा नंबर मिळवला त्याच्या ताटातला घास त्याच नियमानं जातो. माझ्याकडं हवा भरायला येणाऱ्या रिक्षावाल्यालाही हे सांगितलं तर तो म्हणेल, गेज ठेवा बाजूला.

२०२७ चे बाकीचे नियमही मी वाचलेत. हजारऐवजी साडेआठशे सीसी, पंख कमी, सगळ्यांचा जीपीएस डेटा सगळ्यांना. आणि सगळे कारखाने बी श्रेणीतून सुरू करणार. म्हणजे एकदाच सगळ्यांचे दात सारखे धरणार. ठीक आहे.

आता माझं मागणं. एका कारखान्याच्या ग्रिडवर चार गाड्या, पाचवी नाही. २०२५ ला प्रामाक यामाहाकडं गेला आणि डुकाटीच्या आठाच्या सहा झाल्या, ते तुमच्या नियमानं झालं नाही, त्यांच्या करारानं झालं. उद्या करार फिरला की पुन्हा आठ होतील, आणि दुसऱ्या कुणाच्याही होतील. मग मी यामाहाच्या आठ गाड्यांबद्दल असंच पत्र लिहीन का? प्रामाणिकपणे, पहिलं वर्षभर लिहिणार नाही. म्हणूनच नियम तुम्ही आत्ता करा, माझ्यासारख्याच्या प्रामाणिकपणावर सोडू नका.

छोटे संघ म्हणतील, आम्हाला चांगली गाडी दुसरं कोण देतं? त्यांचं खरं आहे. त्यांना स्वस्तात गाडी द्यायची सक्ती इतर कारखान्यांवर करा, आणि त्या बदल्यात त्या कारखान्यांना चाचणीचे दिवस द्या. आणि ‘कारखाने निघून जातील’ ही भीती तुम्ही दाखवाल, तर सुझुकी आठवा. २०२० ला मीरला जगज्जेता केलं, २०२२ च्या शेवटच्या शर्यतीत व्हॅलेन्सियाला रिन्स जिंकला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पेट्या भरल्या. नियम कडक होते म्हणून ते गेले नाहीत. या साताऱ्यात एकेकाळी प्रिया स्कूटर बनायची. माझे वडील त्या कारखान्यात होते. कारखाना बंद व्हायची कारणं कारखान्याच्या आतल्या खोलीत ठरतात, बाहेर कुणी नियम सैल केला म्हणून तो वाचत नाही, एवढं घरी बघितलंय.

आता तुमच्यात फॉर्म्युला वनचे मालक लिबर्टीही आलेत. ते कॅमेरे आणतील, गाणी आणतील, रायडरच्या घरी जाऊन त्यांची कुत्री दाखवतील. दाखवा. पण आमच्या शटरखाली बसलेल्या पोराला साडेपाचला एवढंच पाहिजे असतं की सव्वासहाला काय होणार ते त्याला माहीत नसावं.

हिवाळ्यात तुमचा हंगाम संपतो तेव्हा पुसेगावची यात्रा असते. कुणी येणार असाल तर माझा फोन गॅरेजच्या पाटीवर आहे. झेंडा पंचाच्या शेजारी उभं करायची सोय करतो. सकाळी लवकर या, धुरळ्याला तोंडाला बांधायला पंचा आणा, आणि दात बघायला पंच बैलाचं तोंड उघडतात तेव्हा मालक काय काय थापा मारतात ते ऐका. तुम्हाला ओळखीचं वाटेल. दुपारी घरी आमटी-भाकरी.

आपला,
गोडोलीतला एक गॅरेजवाला,
सातारा

ता. क. : क्वार्तारारो कुठं भेटला तर त्याला सांगा, इथं कापडाखाली एक आरएक्स आहे. तिला ते डिव्हाइस नाही. एका किकमध्ये चालू होते, पावसाळा सोडून.